तारा फुटला, पण धुरळा किती उडाला?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गुडघ्याचं दुखणं आणि पाहुण्यांची ये-जा यात दोन महिने कसे गेले कळलंच नाही. असो. परवा माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढून घेतली. हिचं म्हणणं, "एकदा बघून घ्या, नाहीतर रद्दीवाल्याला देऊन टाकते." ट्रंकेत माझ्या कात्रणांच्या वह्या निघाल्या. शाळेच्या बातमीफलकावर रोज दोन-चार बातम्या लिहायचं काम माझ्याकडे असे, त्यासाठी वर्तमानपत्रातली कात्रणं मी चिकटवून ठेवायचो. त्यातल्या १९८७ च्या वहीत एक पिवळं पडलेलं कात्रण सापडलं. दक्षिण आकाशात एक तारा फुटल्याची बातमी. आणि शेजारी समासात माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने: "धुरळा किती?"

ते दोन शब्द वाचले आणि अडतीस वर्षांपूर्वीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला.

माझा विषय इतिहास. विज्ञानाशी संबंध जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचा, तोही काठावरचा. पण त्या दिवशी विज्ञानाचे सर रजेवर होते आणि नववीचा ऑफ तास माझ्याकडे आला. हातात कात्रण होतंच, म्हणून मी मुलांना त्या ताऱ्याची गोष्ट सांगितली. सूर्यापेक्षा कितीतरी भारी तारा, पोटातलं इंधन संपलं, गाभा कोसळला आणि बाहेरचं सगळं उडून गेलं, वगैरे. पेपरात होतं तेवढंच. मग विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. गावाबाहेर खडी क्रशर होता, त्याचे वडील तिथे कामाला. तो म्हणाला, "सर, खाणीत सुरुंग उडवला की लई धुरळा उडतो. मग येवढा मोठा तारा फुटला तर किती धुरळा उडला असंल?"

वर्ग खो खो हसला. आणि मंडळी, मीही हसलो. "बस खाली, तिकडे काय खडी फोडतायत का?" असं काहीतरी बोललो. तो बसला. त्यानंतर माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. वर्ष संपायच्या आत त्याची शाळा सुटली. वडिलांच्या छातीत क्रशरची धूळ बसली होती, दम लागायचा, काम होईना. घरात थोरला हाच.

समासातली ती नोंद मी त्याच दिवशी केली असणार. म्हणजे प्रश्न मनात राहिला होता. पण उत्तर शोधायची तसदी मी घेतली नाही. ती आता, पंचाहत्तरीच्या घरात आल्यावर घेतली. मुलाने लावून दिलेला संगणक आणि शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश, अशी माझी चार महिने शिकवणी चालली. आणि लक्षात आलं की त्या पोराने विचारलेला प्रश्न हा खगोलशास्त्रातला खराखुरा प्रश्न होता. मोठमोठ्या दुर्बिणी लावूनही त्याचं उत्तर हाती यायला चोवीस वर्षं लागली. ती हकीकत आज सांगतो. चुकलंमाकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी ही धूळ म्हणजे काय ते बघू. ताऱ्यांच्या मधली जागा आपल्याला रिकामी वाटते, पण तिथे विरळ वायू असतो आणि त्यात अतिसूक्ष्म कण असतात. काजळीसारखे कार्बनचे, नाहीतर वाळूसारखे सिलिकेटचे. बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही लहान. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन.) आकाशगंगेच्या पट्ट्यात जे काळे डाग दिसतात ते याच धुळीचे ढग. विल्यम हर्शेलसारख्या थोर निरीक्षकालाही अठराव्या शतकात ती आकाशातली भोकं वाटली होती! तिथे तारेच नाहीत असा त्याचा समज. पुढे १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर या शास्त्रज्ञाने तारकागुच्छांचा हिशेब मांडून दाखवलं की ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश अडवणारं काहीतरी खरोखरच आहे. तोवर ही धूळ खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने एक कटकट होती. प्रकाश अडवते, ताऱ्यांना असतात त्याहून लाल दाखवते, अंतरांचे हिशेब चुकवते.

पण ही कटकट नसती तर आपण नसतो. आपली पृथ्वी, सह्याद्रीचा काळा दगड, पाटीवरची पेन्सिल, हाडांमधला चुना, हे सगळं एके काळी अशाच धुळीतून आणि वायूतून गोळा झालेलं आहे. तेव्हा ही धूळ आली कुठून, हा प्रश्न काही साधा नव्हे.

आता गंमत बघा. ज्या हर्शेलला धुळीचे ढग म्हणजे भोकं वाटली, त्यानेच ती धूळ बघायची किल्ली शोधून ठेवली होती. हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. पेशाने संगीतकार, इंग्लंडात येऊन स्थायिक झाला, स्वतः आरसे घासून दुर्बिणी केल्या आणि १७८१ साली युरेनस शोधला. १८०० साली त्याने लोलकातून सूर्याच्या प्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून कोणता रंग किती तापवतो ते मोजलं. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. म्हणजे तिथेही किरण होते, फक्त न दिसणारे. यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

या किरणांची खुबी अशी की कोणतीही वस्तू, ती कितीही थंड असो, थोडेफार किरण बाहेर टाकतच असते. वस्तू जितकी थंड तितकी त्या किरणांची तरंगलांबी जास्त. सूर्य सहा हजार अंशांच्या आसपास तापलेला, म्हणून त्याचा प्रकाश मुख्यतः अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा, डोळ्यांना दिसणारा. तुमचं-माझं शरीर दहा मायक्रॉनच्या आसपास 'चमकतं'. आणि शून्याखाली अडीचशे अंश इतकी गारठलेली धूळ शंभर-दीडशे मायक्रॉनला चमकते. म्हणजे ज्या धुळीमुळे प्रकाश अडतो, तीच धूळ दुसऱ्या डोळ्याने पाहिलं तर स्वतः उजळलेली दिसते. फक्त डोळा हवा.

तो डोळा मिळायला फार वेळ लागला. एक तर हवेतली वाफ हे किरण गिळून टाकते. दुसरं म्हणजे दुर्बीण स्वतःच ऊबदार असते, त्यामुळे तीच चमकते. भर उन्हात काजवा शोधण्यातला प्रकार! म्हणून दुर्बीण उंच न्यायची आणि द्रवरूप हेलियमने थंड ठेवायची. अमेरिकनांनी विमानात दुर्बीण बसवली. आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या लोकांनी शंभर सेंटिमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून प्रचंड बलूनखाली बांधून वर पाठवली आणि तारे जन्मतात त्या ढगांची दूर अवरक्तातली निरीक्षणं घेतली. हे वाचताना ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मग १९८३ च्या जानेवारीत अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा आयरास हा उपग्रह गेला. दहा महिन्यांत हेलियम संपला, पण तेवढ्यात त्याने जवळजवळ सगळं आकाश अवरक्तात पाहून घेतलं.

आता आपल्या सुरुंगाकडे येऊ. तारा फुटल्यावर धूळ तयार होत असावी ही कल्पना १९८७ च्या आधीची आहे. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९७० साली तसा निबंध लिहिला होता. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. तर्क सरळ होता. फुटलेल्या ताऱ्यातून कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड बाहेर पडतात, ते पसरता पसरता थंड होतात, आणि थंड झालं की वाफेचं दव व्हावं तसे त्यांचे कण जमावेत. तर्क बरोबर, पण साक्षीदार नव्हता. आमच्या इतिहासात याला पुराव्यावाचून विधान म्हणतात.

साक्षीदार मिळाला तो १९८७ च्या २३-२४ फेब्रुवारीला. मोठा मॅजेलनी मेघ नावाची छोटी दीर्घिका आपल्यापासून सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिथला तारा फुटलेला चिलीतल्या लास कँपानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना काचेवर घेतलेल्या छायाचित्रात दिसला. नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी सुपरनोव्हा १६०४ नंतर पहिल्यांदाच उगवला होता. आपल्याकडून तो दिसण्यासारखा नव्हता, फार दक्षिणेला. पण दक्षिण गोलार्धातल्या सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. विमानातली ती अवरक्त दुर्बीणही न्यूझीलंडला नेऊन तिथून उडवली.

पहिल्या काही महिन्यांतच अवरक्त वर्णपटात कार्बन मोनॉक्साइडचे रेणू दिसले. पाठोपाठ सिलिकॉन मोनॉक्साइडचे. त्या भट्टीत रेणू! वाळूची पहिली पायरीच म्हणा ना. कोबाल्ट, निकेल, लोखंड यांच्या खुणाही सापडल्या. मग साधारण पाचशे दिवसांच्या सुमारास तीन गोष्टी एकदम घडल्या. ताऱ्याचा दिसणारा प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त झपाट्याने उतरला. अवरक्त प्रकाश तेवढाच वाढला. आणि स्फोटाच्या पलीकडच्या बाजूने, म्हणजे आपल्यापासून दूर जाणाऱ्या वायूकडून येणारा उजेड जास्त झाकला गेला. तिन्हींचा अर्थ एकच. मधे धुरळा तयार झाला होता. इतिहासात एकाच घटनेची तीन स्वतंत्र बखरींत नोंद मिळाली की आम्ही ती घटना मानतो. तसंच हे.

धुरळा उडाला हे ठरलं. पण किती? तिथेच घोडं अडलं. मोजमाप आलं ते सूर्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाइतकं, किंवा त्याहूनही कमी. एवढ्या प्रचंड स्फोटात इतकीशी धूळ? इतरही अवशेषांत आकडे असेच किरकोळ निघत होते. मग बहुतेकांचं मत झालं की धूळ मुख्यतः म्हातारे, फुगलेले, संथपणे विझणारे तारेच बनवतात. फुटणाऱ्यांचा वाटा नगण्य.

या मताला धक्का बसला तो फार दूरवरून. २००३ साली एका अतिदूरच्या क्वेसारच्या दीर्घिकेत धूळ सापडली, आणि तीही कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय ९० कोटी वर्षांच्या आत होतं. सूर्यासारखा तारा म्हातारा व्हायला सुमारे हजार कोटी वर्षं घेतो. त्याच्याहून भारी तारे लवकर विझतात, पण इतक्या लवकर इतकी धूळ त्यांच्याकडून येणं कठीण. एखाद-दोन कोटी वर्षांतच खेळ आटोपतात ते फक्त सगळ्यांत भारी तारे, म्हणजे फुटणारे. हिशेब करणाऱ्यांनी सांगितलं, प्रत्येक स्फोटामागे सूर्याच्या निदान दहाव्या हिश्शाएवढी, किंबहुना त्याहून जास्त धूळ धरली तरच जमाखर्च जुळतो. प्रत्यक्षात मोजली होती ती हजारावा हिस्सा. शंभर रुपयांच्या जागी रुपया!

मंडळी, इथे मला आमच्या इतिहासातली एक जुनी अडचण आठवली. बखरी वाचाव्यात तर त्यांत राजे, सरदार, लढाया. रयत जवळजवळ नाहीच. म्हणून काय रयत नव्हती? रयत होती, पण बखरीच्या उजेडात ती येत नव्हती. ती सापडते महसुलाच्या कागदांत, कर्जरोख्यांत, पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांच्या रुमालांत. साधन बदललं की माणसं दिसू लागतात. तसंच धुळीचं झालं होतं. तोवरची उपकरणं ऊबदार धूळ बघत होती, कारण तीच जास्त चमकते. बरीचशी धूळ गारठलेली असली तर? ती या साधनांना दिसणारच नव्हती.

आणि साधन बदललं की चुकाही नव्या होतात, हेही खरं. आकाशात शर्मिष्ठा नावाचा तारकासमूह आहे, इंग्रजी एम किंवा डब्ल्यूच्या आकाराचा. तिथे सुमारे अकरा हजार प्रकाशवर्षांवर कॅसिओपिया ए नावाचा सुपरनोव्हाचा अवशेष आहे. त्याच स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे साधारण शिवाजी महाराजांच्या काळात. २००३ साली लोरेटा डन आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने, अवरक्ताच्याही पलीकडच्या सबमिलिमीटर लहरींत, या अवशेषाच्या दिशेने थंड धूळ पाहिली. आकडा काढला दोन ते चार सूर्यांएवढा. सगळीकडे आनंदीआनंद. जमाखर्च जुळला!

पण पुढच्याच वर्षी ऑलिव्हर क्राउझ यांच्या गटाने स्पिट्झर या नव्या अवरक्त अवकाश-दुर्बिणीच्या मदतीने दाखवून दिलं की त्यातली बहुतेक चमक अवशेषाची नव्हतीच. आपण आणि तो अवशेष यांच्या मधे जे वायूचे ढग आहेत, त्यांची होती. दफ्तरात असं पुष्कळदा होतं. एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या रुमालात गुंडाळला जातो आणि वाचणारा फसतो. कागद खरा असतो, जागा चुकलेली असते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं हे शिकण्यासारखं पान आहे. ज्या नियतकालिकात दावा छापला होता त्याच 'नेचर'मध्ये त्याची दुरुस्तीही छापली गेली. दावा करणाऱ्यांनी हट्ट धरला नाही की काम सोडलं नाही. पुन्हा मोजत राहिले.

याच क्राउझ मंडळींनी आणखी एक विलक्षण गोष्ट केली. कॅसिओपिया ए चा स्फोट झाला तेव्हा पृथ्वीवर कुणी तो नीट पाहिल्याची खात्रीची नोंद नाही. पण त्या स्फोटाचा प्रकाश चारी दिशांना गेला होता. त्यातला काही आजूबाजूच्या धुळीच्या ढगांवर पडला, ढग तापले आणि अवरक्तात चमकले. ती चमक वाकड्या वाटेने, तीन शतकांहून जास्त उशिरा आपल्याकडे आली. स्पिट्झरच्या चित्रांत हे प्रकाशाचे प्रतिध्वनी सरकताना दिसले. मग २००८ साली अशाच एका प्रतिध्वनीचा वर्णपट घेऊन तो स्फोट नेमका कोणत्या जातीचा होता हेही त्यांनी सांगितलं. हरवलेल्या साक्षीदाराची जबानी सव्वातीनशे वर्षांनी भिंतीवरून वाचावी तसं! इतिहासाचा माणूस म्हणून मी यापुढे हात जोडतो.

आता चोवीस वर्षांनी आलेलं उत्तर. २००९ च्या मे महिन्यात युरोपियनांनी साडेतीन मीटर आरशाची एक दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर पाठवली. तिचं नाव हर्शेल. हो, तोच, थर्मामीटरवाला. ती खास दूर अवरक्तासाठी, म्हणजे गारठलेल्या धुळीसाठी होती. मोठ्या मॅजेलनी मेघाची सरसकट पाहणी करताना तिला १९८७ च्या त्या ताऱ्याच्या जागी एक ठिपका चमकताना दिसला. मिकाको मात्सुरा आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावून २०११ साली प्रसिद्ध केला. शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपासची थंड धूळ, आणि वजन सूर्याच्या ०.४ ते ०.७ पट. म्हणजे साधारण अर्धा सूर्य!

पण मागचा धडा लक्षात होता. ही धूळ खरंच त्या स्फोटाची, की आजूबाजूची? हर्शेलचा ठिपका पुसट होता, त्यातून ठरेना. मग चिलीच्या अटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवरच्या अल्मा या दुर्बिणींच्या ताफ्याने बारकाईने पाहिलं. २०१४ साली निकाल आला: धूळ बरोबर मध्यभागी, फुटलेल्या ताऱ्याच्याच मालात आहे, भोवतीच्या जुन्या कड्यात नाही. कागद याच गावचा, याच रुमालातला.

पाठोपाठ इतर अवशेषांचेही आकडे सुधारले. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी नोंदवलेल्या 'पाहुण्या ताऱ्या'चा अवशेष म्हणजे वृषभ राशीतला क्रॅब नेब्युला. तिथे हर्शेलला सूर्याच्या दशांशाहून जास्त धूळ मिळाली. धूळ शोधता शोधता तिथल्या वायूत एक अनोळखी रेषा दिसली आणि ती निघाली आर्गॉन हायड्राइडची! आर्गॉन हा निष्क्रिय वायू, सहसा कुणाशी संयोग करत नाही, असं आपण शाळेत शिकलो. अवकाशात निष्क्रिय वायूचा रेणू सापडण्याची ही पहिली वेळ, २०१३ सालची. आणि कॅसिओपिया ए? २०१७ साली हर्शेलची निरीक्षणं वापरून, मधले ढग काळजीपूर्वक वजा करून पुन्हा हिशेब झाला. उत्तर आलं ०.४ ते ०.६ सूर्य. म्हणजे २००३ चा आकडा फुगलेला होता, पण तिथे थंड धूळ लपली आहे हा कयास खरा होता.

सगळं मिटलं असं मात्र नाही. ती अर्धा सूर्य धूळ पहिल्या दोन वर्षांतच तयार होऊन दाट गोळ्यांत लपली होती, की वर्षानुवर्षं हळूहळू वाढली, यावर अजून वाद आहे. दुसरं म्हणजे फुटलेला माल बाहेरच्या वायूवर आदळला की एक धक्का उलटा आत येतो आणि त्यात कणांचा चुरा होतो. मग शेवटी किती धूळ वाचते? कोणी म्हणतं थोडी, कोणी म्हणतं मोठे कण तगतात. काही तरी वाचते हे नक्की, कारण पृथ्वीवर पडलेल्या उल्कापाषाणांतून सूर्याच्याही आधीचे कण प्रयोगशाळेत वेगळे काढले गेले आहेत, आणि त्यांतल्या काहींवर फुटलेल्या ताऱ्याचीच रासायनिक मोहर आहे. म्हणजे त्या धुरळ्याचे कण माणसाने भिंगाखाली पाहिलेले आहेत.

२०२१ च्या नाताळच्या दिवशी जेम्स वेब दुर्बीण गेली, तीही अवरक्तच. तिने २०२३ मध्ये कॅसिओपिया ए ची जी चित्रं दिली ती अवश्य बघा, पेटत्या धाग्यांचं जाळंच. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या निरीक्षणांवरून असं जाहीर झालं की १९८७ च्या ताऱ्याच्या मध्यभागी आर्गॉन आणि गंधकाचा वायू अशा तऱ्हेने उजळला आहे की तिथे न्यूट्रॉन तारा असला पाहिजे. इतकी वर्षं तो दिसला नव्हता. का? मधे धुरळा होता ना! अवरक्त किरण त्यातून आरपार आले म्हणून ही बातमी आली.

तर मंडळी, अशी ही हकीकत. चार महिने हे वाचताना मला एकच गोष्ट टोचत राहिली. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी सुरुंग आणि धुरळा यांचा ज्याला खरा अनुभव होता, त्यालाच योग्य प्रश्न सुचला. आम्ही बाकीचे त्या ताऱ्याच्या लखलखाटाकडे बघत होतो. त्याने विचारलं, उजेड गेल्यावर मागे काय उरतं? आणि मी, ज्याने आयुष्यभर मुलांना सांगितलं की इतिहास फक्त राजांचा नसतो, त्याने त्याला हसून खाली बसवलं. जी धूळ त्याच्या वडिलांच्या छातीत बसली ती दगडाचीच, सिलिकाची. तिच्यातला सिलिकॉनही कधीकाळी असाच कुठल्यातरी ताऱ्यात तयार झालेला. हे त्याला त्या दिवशी सांगता आलं असतं तर वडिलांचा दम काही कमी झाला नसता. पण आपला प्रश्न हसण्याजोगा नव्हता एवढं तरी त्याला कळलं असतं.

आज तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कुठे आहे मला ठाऊक नाही. गावाकडच्या दोघा-तिघांना फोन करून विचारलं, कुटुंब फार पूर्वीच गाव सोडून गेलं म्हणतात. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला न विचारता लिहिणं बरं नव्हे. पण माझे बरेच विद्यार्थी हे वाचतात. १९८७ साली नववीत त्या वर्गात कोण होतं ते तुम्हाला आठवेल. कुणाला तो भेटला तर एवढा निरोप द्या.

म्हणावं, सरांनी तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. साधारण अर्धा सूर्य. आपल्या पृथ्वीसारखे दीड लाख गोळे होतील एवढा धुरळा. आणि म्हणावं, त्या दिवशी सर हसले ते चुकलं.